इंग्लंडमध्ये लाच दिसत नाही, मग सत्ता त्याच हातांत कशी राहते?

एप्रिल २०१६ मध्ये ब्रिटनच्या संसदेसाठी एक पोटनिवडणूक झाली. उमेदवार सात होते आणि मतदार तीन. तिघांचीही पहिली पसंती एकाच उमेदवाराला मिळाली. निवडून आलेले व्हायकाउंट थर्सो हे मूळचे वारसाहक्काचे उमराव. वाडवडिलांच्या किताबाच्या बळावर ते हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात बसत. १९९९ च्या कायद्याने वारशाने आलेल्या बहुतेक सदस्यांना बाहेर काढले, त्यात त्यांचीही जागा गेली. २००१ मध्ये ते रीतसर लोकांमधून निवडून येऊन खासदार झाले. २०१५ मध्ये मतदारांनी त्यांना पाडले. आणि पुढच्याच वर्षी तीन मतांवर ते पुन्हा संसदेत दाखल झाले.

मतदार तीनच का? तर १९९९ च्या कायद्याने वारसाहक्काचे ९२ सदस्य तडजोड म्हणून ठेवले होते. त्यांतला एखादा वारला की त्याची जागा दुसऱ्या वारसदार उमरावानेच भरायची, आणि अनेक जागांसाठी मतदान त्या त्या पक्षाच्या वारसदार सदस्यांपुरतेच असे. लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे असे सदस्य त्या वेळी तीनच उरले होते.

यात कोणी पैसे खाल्ले नाहीत, कोणी मतपेटी पळवली नाही. सगळे नियमाप्रमाणे झाले. इंग्लंडमधली सत्ता समजून घ्यायची तर सुरुवात इथून करावी लागते. आपल्याकडे भ्रष्टाचार म्हटला की तलाठ्याच्या टेबलाखालून सरकवलेले पाकीट डोळ्यांसमोर येते. इंग्लंडमध्ये साध्या माणसाला रोजच्या कामासाठी असे पाकीट द्यावे लागत नाही, हे खरेच आहे, आणि ते छोटे यश नाही. पण त्यावरून तिथे सगळे स्वच्छ आहे असा निष्कर्ष काढणारे लोक दुसरी बाजू पाहत नाहीत. लाच ही बाहेरच्या माणसाला आत शिरण्यासाठी लागते. जो जन्मापासून आतच आहे, त्याला ती देण्याची वेळच येत नाही.

एक खुलासा आधीच करतो. संसद सगळ्या ब्रिटनची आहे, पण जमिनीचा कायदा, महागड्या शाळा, न्यायव्यवस्था आणि सरकारी चर्च या ज्या गोष्टींबद्दल इथे बोलायचे आहे, त्या प्रामुख्याने इंग्लंडच्या आहेत. स्कॉटलंडचा कायदा आणि शिक्षण वेगळे आहे. चर्च ऑफ इंग्लंडचे २६ बिशप आजही वरिष्ठ सभागृहात पदसिद्ध सदस्य म्हणून बसतात आणि कायद्यांवर मत देतात.

जमीन, जी कधी वाटलीच गेली नाही

१६७७ मध्ये सर थॉमस ग्रोव्हनर नावाच्या सरदाराने मेरी डेव्हिस या मुलीशी लग्न केले. मुलगी बारा वर्षांची होती आणि तिच्या नावावर लंडनच्या पश्चिमेला सुमारे ५०० एकर जमीन होती. बरीचशी दलदल आणि कुरणे. शहर त्या दिशेने वाढले आणि त्या कुरणांचे मेफेअर आणि बेलग्रेव्हिया झाले. आज लंडनमधल्या सर्वांत महाग जागांत त्यांची गणना होते, आणि तिथली मोठी मालमत्ता अजून ग्रोव्हनर घराण्याकडेच आहे. घराण्याचा प्रमुख म्हणजे ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर.

साडेतीनशे वर्षे एखादी मालमत्ता एका घराण्यात अखंड कशी राहते? महाराष्ट्रात गावाकडची कोणाचीही सातबारा काढा. आजोबांची दहा एकर वडिलांच्या वाट्याला तीन होऊन येते, नातवाला एकरभर, आणि उताऱ्यावर नावांची रांग लागते. भाऊबंदकीने जमिनीचे तुकडे पडतात हे आपल्याला दुःख वाटते, पण त्या तुकड्यांमुळे एकाच घराकडे शतकानुशतके सगळे साचून राहत नाही. इंग्लंडच्या उमरावांनी नेमके हेच होऊ दिले नाही. किताब आणि मुख्य इस्टेट थोरल्या मुलाकडे, धाकटे लष्करात, चर्चमध्ये किंवा वसाहतींत, आणि मुलींना हुंडा. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सहावे ड्यूक वारले, तेव्हा त्यांच्या दोन मुली वयाने मोठ्या होत्या. तरी किताब आला तो २५ वर्षांच्या मुलाकडे.

दुसरे हत्यार म्हणजे ट्रस्ट. इंग्लंडमध्ये ठराविक मर्यादेपलीकडच्या वारशावर ४० टक्के कर आहे. पण ट्रस्टमधली मालमत्ता कायद्याने विश्वस्तांची असते, कुटुंबातल्या व्यक्तीला फक्त तिचा लाभ मिळतो. व्यक्ती मेली, तरी मालक मेलेला नसतो. मग वारसा कर लावायचा कशावर? अशा ट्रस्टवर दर दहा वर्षांनी जास्तीत जास्त ६ टक्क्यांच्या दराने वेगळा कर पडतो. सहाव्या ड्यूकशी जोडलेली मालमत्ता त्यांच्या मृत्यूच्या वेळी ९ अब्ज पौंडांच्या आसपास मानली जात होती आणि तिचा मोठा भाग ट्रस्टमध्ये होता. एखाद्या शाळामास्तराच्या मुलीला आईवडिलांचे लंडनमधले घर मिळाले तर तिला जो कर चुकवता येत नाही, तो इथे कायदेशीरपणे लागत नाही. कायदा दोघांना एकच आहे, पण त्याचा उपयोग करून घ्यायला वकील, हिशेबनीस आणि दोन-तीन पिढ्यांची दूरदृष्टी लागते.

लंडनमध्ये नोकरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांना हा जुना कायदा फ्लॅट घेताना भेटतो. तिथले बहुतेक फ्लॅट लीजहोल्ड असतात. लाखो पौंड मोजून तुम्ही घेता तो ठराविक वर्षांचा ताबा, खालची जमीन दुसऱ्याचीच राहते. मुदत कमी होत जाते तशी किंमत पडते आणि ती वाढवून घ्यायला पुन्हा पैसे मोजावे लागतात. २०२४ मध्ये याबाबत सुधारणेचा कायदा झाला, आणि त्यातल्या काही तरतुदींविरुद्ध मोठे जमीनमालक लगेच न्यायालयात गेले.

शाळा आणि तिच्यापुढची दारे

ईटन कॉलेज १४४० मध्ये सहाव्या हेन्री राजाने काढले ते ७० गरीब मुलांना फुकट शिकवण्यासाठी. आज तिथली वर्षाची फी ६० हजार पौंडांच्या वर आहे. ब्रिटनच्या ५८ पंतप्रधानांपैकी २० जण या एका शाळेतले. देशातली सुमारे ७ टक्के मुले फी भरून खासगी शाळांत शिकतात. २०१९ मध्ये सरकारी सामाजिक गतिशीलता आयोग आणि सटन ट्रस्ट ही स्वयंसेवी संस्था यांनी मिळून मोजदाद केली तेव्हा वरिष्ठ न्यायाधीशांपैकी ६५ टक्के आणि सरकारी खात्यांच्या सर्वोच्च सचिवांपैकी ५९ टक्के या शाळांमधले निघाले.

ही मुले हुशार नसतात असे नाही. लहान वर्ग, उत्तम शिक्षक, वादविवादाची सवय, मोठ्या माणसांसमोर न बिचकता बोलण्याची तयारी या सगळ्याचा फायदा होतोच. पण खरा फरक पुढे पडतो. लंडनमध्ये वर्तमानपत्रात, संसद सदस्याच्या कार्यालयात किंवा एखाद्या संग्रहालयात बिनपगारी उमेदवारी करायची, तर राहण्याखाण्याचा खर्च कोणी तरी उचलावा लागतो. वकिली, पत्रकारिता, प्रकाशन, राजकारण या क्षेत्रांत अनेकांचे पहिले पाऊल असेच पडत आले आहे. शेफील्डच्या कामगाराच्या मुलाला इथे कोणी नाही म्हणत नाही. त्याला परवडत नाही, एवढेच.

या दारांवर पहारा कोणाचा असतो हे महाराष्ट्राला फार पूर्वी कळले आहे. इंग्लंडमध्ये बॅरिस्टर होण्यासाठी लंडनच्या चार इन्सपैकी एकीत नाव घालावे लागते. या संस्था शतकानुशतके जुन्या, स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या. अभ्यासाइतकेच तिथल्या भोजनालयात ठराविक वेळा जेवायला बसणेही आवश्यक असे, कारण वकील घडवायचा म्हणजे एका वर्गाच्या चालीरीती अंगी बाणवायच्या, अशी समजूत होती. विनायक दामोदर सावरकर ग्रेज इनमध्ये परीक्षा उत्तीर्ण झाले, पण १९०९ मध्ये त्यांच्या राजकारणामुळे संस्थेच्या ज्येष्ठांनी त्यांना बॅरिस्टरीची सनद दिली नाही. पुढे याच ग्रेज इनमधून डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर झाले. म्हणजे दार बंद नव्हते. उघडायचे कधी आणि कोणासाठी, हे मात्र आत बसलेले ठरवत.

स्पर्धा परीक्षांचा इतिहास याहून बोलका आहे. १८५४ मध्ये नॉर्थकोट आणि ट्रेव्हेलियन यांच्या अहवालाने इंग्लंडच्या सरकारी नोकऱ्यांतल्या वशिलेबाजीवर कठोर टीका केली आणि परीक्षा घेऊन भरती करा असे सुचवले. भारताच्या सनदी सेवेसाठी खुली परीक्षा १८५५ मध्ये सुरू झाली. खुद्द इंग्लंडमधल्या खात्यांसाठी ती सर्रास लागू व्हायला १८७० उजाडले. घरातला वशिला मोडायला पंधरा वर्षे जास्त लागली. इकडे १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर भारतीय सनदी सेवेची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि मुंबई इलाख्यात नेमले गेले. परीक्षा लंडनमध्येच घ्यायची हा नियम होताच, त्यात कमाल वयोमर्यादा २३ वरून उतरत उतरत १८७८ पर्यंत १९ वर आणली गेली. समुद्र ओलांडून, परक्या भाषेत, एकोणिसाव्या वर्षाच्या आत परीक्षा द्यायची. भारतीयांना मनाई करणारे एकही वाक्य त्या नियमात नव्हते.

जाताना भरपाई घेऊन जाणारे

फ्रान्समध्ये आणि रशियात उमरावांना क्रांतीने हटवले. इंग्लंडच्या वरच्या वर्गाने ती वेळ येऊ दिली नाही. त्यांनी वेळ ओळखून थोडे सोडले, आणि जे सोडले त्याची किंमत वसूल केली. मला यातच त्यांच्या दीर्घायुष्याचे मूळ दिसते.

सॉल्सबरीजवळचे ओल्ड सेरम हे उदाहरण घ्या. उजाड टेकडी, जवळजवळ वस्ती नाही, तरी संसदेत दोन खासदार. हा मतदारसंघ विकत घेतला होता पुढे मद्रासचे गव्हर्नर झालेल्या थॉमस पिट यांनी. गोवळकोंड्याच्या परिसरातल्या खाणीतला एक प्रचंड हिरा त्यांनी भारतात मिळवला आणि १७१७ मध्ये फ्रान्सच्या राजप्रतिनिधीला विकला. तो हिरा आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. पिट यांचा नातू थोरला विल्यम पिट याच ओल्ड सेरममधून १७३५ मध्ये संसदेत गेला आणि पुढे देशाचा कर्ता पुरुष झाला. असे ५६ मतदारसंघ १८३२ च्या कायद्याने रद्द झाले. पण गुप्त मतदान यायला आणखी चाळीस वर्षे गेली. तोवर जमीनदाराची कुळे त्याच्या देखत मत देत होती.

लष्करातले अधिकारपद १८७१ पर्यंत पैसे देऊन विकत घेता येत असे. ती पद्धत बंद करताना सरकारने अधिकाऱ्यांना त्यांनी गुंतवलेल्या पैशाची भरपाई दिली.

आणि सर्वांत मोठी भरपाई १८३३ ची. ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक भागांतली गुलामगिरी कायद्याने संपवली तेव्हा २ कोटी पौंड मंजूर झाले, सरकारच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या सुमारे ४० टक्के. ते मिळाले गुलामांच्या मालकांना. गुलामांना एक पैही नाही, उलट बहुतेकांना काही वर्षे सक्तीची ‘उमेदवारी’ करावी लागली. यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिस्सा २०१५ मध्ये फिटला, असे ब्रिटिश अर्थखात्यानेच नंतर जाहीर केले. म्हणजे विसाव्या आणि एकविसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कर भरणाऱ्या प्रत्येकाने, त्यात कॅरिबियन बेटांतून आलेली गुलामांची पतवंडेही आली, त्या मालकांच्या भरपाईचे कर्ज फेडले. हे वाचून मन सुन्न होते. पण यातली कार्यक्षमताही लक्षात ठेवा: मालकांचे बहुतेक दावे त्याच दशकात निकालात निघाले होते. याची तुलना थोड्या वेळाने करायची आहे.

पैसा मात्र कधीच दूर नव्हता

लाच नसते याचा अर्थ पैशाने काही विकत मिळत नाही असा नाही. पहिल्या महायुद्धानंतर पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या काळात किताबांचे दर उघड माहीत होते: नाइट व्हायला सुमारे १० हजार पौंड, बॅरोनेट व्हायला ३० हजारांच्या पुढे. त्याचा बोभाटा झाल्यावर १९२५ मध्ये किताबांच्या विक्रीविरुद्ध कायदा आला. त्या कायद्याखाली आजवर एकाच माणसाला शिक्षा झाली, १९३३ मध्ये, मॉन्डी ग्रेगरी या दलालाला. २००६-०७ मध्ये पक्षाला कर्जे देणाऱ्यांची लॉर्ड्समध्ये वर्णी लावल्याच्या आरोपावरून पोलिसांनी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचीही साक्षीदार म्हणून जबानी घेतली. कोणावरही खटला भरला गेला नाही.

डेव्हिड कॅमरन यांचे प्रकरण तर नियम कसे लिहिले जातात याचा धडाच आहे. लॉबिंग, म्हणजे ओळखीच्या बळावर सरकारदरबारी कंपन्यांची कामे करून घेणे, हाच पुढचा मोठा घोटाळा ठरेल, असा इशारा त्यांनी २०१० मध्ये पंतप्रधान होण्याआधी दिला होता. त्यांच्याच सरकारने २०१४ मध्ये त्यावर कायदा केला. त्यानुसार नोंदणी करायची ती फक्त दुसऱ्यांसाठी सल्लागार म्हणून लॉबिंग करणाऱ्यांनी. कंपनीचा स्वतःचा नोकर असेल तर गरज नाही. पद सोडल्यावर कॅमरन ग्रीनसिल कॅपिटल या वित्तकंपनीत गेले आणि २०२० मध्ये तिला सरकारी कोविड योजनेत घ्यावे म्हणून मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना फोनवर संदेश पाठवत राहिले. कंपनी २०२१ च्या मार्चमध्ये बुडाली. चौकशीत निघाले ते असे: ते कंपनीचे नोकर होते, म्हणून नोंदणीचा नियम मोडला नाही. संसदेच्या समितीने त्यांच्या विवेकबुद्धीवर ताशेरे ओढले. २०२३ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले, लॉर्ड होऊन.

कोविडच्याच काळात मास्क आणि गाऊन खरेदीसाठी सरकारने खास रांग ठेवली होती. मंत्री, खासदार, लॉर्ड यांनी नाव सुचवलेल्या पुरवठादारांना त्या रांगेत घेतले जाई. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने मोजले, तेव्हा या रांगेतल्या कंपनीला कंत्राट मिळण्याची शक्यता इतरांच्या दहापट होती. जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ही रांग बेकायदा ठरवली. तिच्यातून कंत्राट मिळालेल्या पीपीई मेडप्रो या कंपनीचे नाव हाउस ऑफ लॉर्ड्सच्या सदस्य बॅरोनेस मिशेल मोन यांनी सुचवले होते. निर्जंतुकीकरणाच्या अटी न पाळलेल्या गाऊनपोटी सरकारला सुमारे १२ कोटी २० लाख पौंड परत द्या, असा आदेश न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या कंपनीला दिला.

इथे एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. लेखापरीक्षकाने सरकारविरुद्ध आकडे छापले, न्यायालयाने निकाल दिला, पत्रकारांनी पाठपुरावा केला. या संस्था तिथे जिवंत आहेत. प्रश्न असा की त्या बोलतात तेव्हा बहुतेकदा नुकसान होऊन गेलेले असते, आणि करणारा पुढच्या पदावर पोहोचलेला असतो.

आपला आणि परका

अँथनी ब्लंट केंब्रिजमध्ये शिकलेले, राजघराण्याच्या चित्रसंग्रहाचे प्रमुख, नाइट. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश गुप्तचर सेवेत असताना ते सोव्हिएत हेर होते. १९६४ मध्ये त्यांनी ते कबूल केले. बदल्यात त्यांना खटल्यापासून अभय मिळाले आणि गोष्ट गुप्त ठेवण्यात आली. राजवाड्यातली नोकरी चालू राहिली, किताब राहिला. पंधरा वर्षांनी, नोव्हेंबर १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी संसदेत नाव जाहीर केले तेव्हा किताब गेला. तुरुंग त्यांनी पाहिला नाही.

जॉर्ज ब्लेक हेही सोव्हिएत हेर. जन्म रॉटरडॅमचा, आई डच, वडील इस्तंबूल आणि कैरोकडचे ज्यू. १९६१ मध्ये त्यांना ४२ वर्षांची शिक्षा झाली.

दोघांच्या गुन्ह्यांत फरक होता. ब्लेक यांनी शीतयुद्धात चालू असलेल्या हेरांची नावे फोडली, ब्लंट यांचे काम मुख्यतः सोव्हिएत संघ मित्रराष्ट्र असतानाचे. तरीही केंब्रिजमध्ये शिकलेल्या सोव्हिएत हेरांच्या ज्या टोळीत ब्लंट होते, तिच्याभोवती इतकी वर्षे जे संशयाचे वारे वाहत होते, त्यांकडे वरिष्ठांनी काणाडोळा केला, कारण ही माणसे त्यांच्यासारखी बोलत, त्यांच्याच क्लबात जेवत. आपल्यातला माणूस असे करणार नाही, हा विश्वास इंग्लंडला फार महागात पडला. आणि याच विश्वासाची उलटी बाजू सामान्य माणसाच्या वाट्याला येते: हा आपल्यातला नाही, तर खोटे बोलत असेल.

भिजत घोंगडे

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात लिव्हरपूलच्या फुटबॉल सामन्याला आलेले लोक गर्दीत चिरडले. ९७ जणांचा जीव गेला. पोलिसांनी बाहेरची गर्दी कमी करायला एक दार उघडले आणि माणसांचा लोंढा आधीच भरलेल्या कुंपणबंद भागात शिरला. बंदोबस्ताच्या प्रमुखांनी त्याच दुपारी खोटे सांगितले की दार चाहत्यांनी फोडले. दारुड्या, दांडग्या लिव्हरपूलकरांनी स्वतःवर हे ओढवले, अशी कहाणी काही दिवसांत वर्तमानपत्रांतून देशभर पसरली. लिव्हरपूल हे बंदराचे, कामगारांचे शहर. लंडनमधल्या अनेकांना ती कहाणी सहज पटली.

त्याच वर्षी न्यायमूर्ती टेलर यांनी मुख्य दोष पोलिसांचा असल्याचे सांगितले. तरीही मृत्यूंच्या न्यायालयीन तपासात कॉरोनरने, म्हणजे मृत्यूचे कारण तपासणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने, दुपारी ३.१५ नंतरचा पुरावा ऐकायचाच नाही असे ठरवले, कारण तोवर सर्वांना प्राणघातक इजा झाल्या होत्या असे त्यांचे मत. निकाल: अपघाती मृत्यू. २०१२ मध्ये स्वतंत्र पथकाने कागदपत्रे बाहेर काढली तेव्हा दिसले की पोलिसांच्या १६४ जबान्यांत मोठे फेरफार केले होते, आणि वेळेवर उपचार झाले असते तर ४१ जण वाचू शकले असते. २०१६ मध्ये नव्या ज्युरीने निकाल दिला की हे बेकायदा मनुष्यवध होते आणि चाहत्यांचा दोष नव्हता. मग शिक्षा कोणाला? बंदोबस्ताचे प्रमुख २०१९ मध्ये निर्दोष सुटले. जबान्या बदलल्याचा खटला २०२१ मध्ये कोसळला, कारण त्या जबान्या न्यायालयासाठी नव्हे तर एका चौकशीसाठी तयार केल्या होत्या आणि तशा चौकशीची दिशाभूल त्या गुन्ह्यात बसत नव्हती. बत्तीस वर्षांत एकालाच शिक्षा झाली: हिल्सबरो मैदान ज्याचे होते त्या क्लबच्या माजी सचिवाला ६,५०० पौंड दंड.

पोस्ट ऑफिसचे प्रकरण याच धाटणीचे. इंग्लंडच्या गावोगावी किराणा दुकानाच्या एका कोपऱ्यात टपालाचा काउंटर असतो. तो चालवणारे सब-पोस्टमास्तर, त्यांत भारतीय उपखंडातून आलेली कुटुंबे पुष्कळ. १९९९ पासून तिथे फुजित्सुची होरायझन ही संगणक प्रणाली बसवली गेली आणि हिशेबात तूट दिसू लागली. करारानुसार तूट दुकानदाराने भरायची. अनेकांनी घर गहाण टाकून भरली. हेल्पलाइनवर सांगितले जाई की असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे. नुकसान झाल्याचा दावा करणारे पोस्ट ऑफिस, तपास करणारे पोस्ट ऑफिस आणि बहुतेक खटले चालवणारेही पोस्ट ऑफिस. कुंपणच शेत खात होते. त्यात १९९९ मध्येच कायद्यातली एक तरतूद रद्द झाली होती, त्यामुळे संगणक बरोबर चालतो हे सिद्ध करायची जबाबदारी फिर्यादीवर राहिली नाही. ९०० हून अधिक जण दोषी ठरले. कित्येक तुरुंगात गेले. प्रणालीत दोष आहेत हे आतल्या लोकांना माहीत असताना.

यातल्या ५५५ जणांनी ॲलन बेट्स यांच्या पुढाकाराने दावा लावला. पोस्ट ऑफिसने सार्वजनिक पैशातून महागडे वकील उभे केले आणि निकाल विरोधात जातो आहे असे दिसताच न्यायाधीशांनाच बाजूला व्हायला सांगितले. २०१९ मध्ये दावेदार जिंकले. ५ कोटी ७७ लाख पौंडांची तडजोड झाली आणि तिचा बहुतांश भाग खटल्याच्या खर्चात गेला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला पोस्ट ऑफिसच्या प्रमुख पॉला व्हेनेल्स यांना सीबीई हा किताब मिळाला होता, पुढे लंडनच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालय समूहाचे अध्यक्षपदही मिळाले. किताब काढून घेतला गेला तो २०२४ मध्ये, दूरचित्रवाणीवर या प्रकरणावर मालिका आली आणि देश खवळला तेव्हा. त्याच वर्षी संसदेने खास कायदा करून शेकडो शिक्षा रद्द केल्या. जुलै २०२५ च्या चौकशी अहवालात किमान १३ आत्महत्यांचा या छळाशी संबंध असू शकतो असे म्हटले आहे. भरपाई अजून पुरती वाटली गेली नव्हती आणि वाट पाहत अनेक जण वारले होते. १८३० च्या दशकात गुलामांच्या मालकांना, संगणक नसताना, हजारो दावे तपासून पैसे पोचले होते.

इंग्लंडमधल्या बड्या चुकांवर बहुतेकदा पांघरूण घातले जाते ते अशा वेळखाऊपणाने. चौकशी नेमायची, ती वर्षानुवर्षे चालवायची, पाच हजार पानांचा अहवाल छापायचा, क्षमा मागायची. प्रत्येक पायरी सभ्य आणि नियमबद्ध. दूषित रक्तामुळे एचआयव्ही आणि हेपटायटिस झालेल्या ३० हजारांहून अधिक रुग्णांना हा अनुभव सत्तरच्या दशकापासून २०२४ पर्यंत आला.

हिल्सबरोच्या कुटुंबांच्या लढ्यातून सप्टेंबर २०२५ मध्ये संसदेत एक विधेयक आले. सरकारी अधिकाऱ्यांनी चौकशीत सत्य सांगणे हे कायदेशीर कर्तव्य ठरावे, जाणूनबुजून जनतेची दिशाभूल करणे हा गुन्हा व्हावा, आणि सरकारी संस्थेविरुद्ध मृत्यूच्या तपासात उभ्या राहणाऱ्या कुटुंबांना वकिलाचा खर्च सरकारने द्यावा, अशा त्यातल्या मुख्य तरतुदी. पहिल्या दोहोंची चर्चा जास्त झाली, पण मला तिसरी सर्वांत मोलाची वाटते. नव्वदच्या दशकातल्या त्या पहिल्या तपासात पोलिसांच्या बाजूने वकिलांची फौज होती आणि तिचे पैसे सरकारी तिजोरीतून जात होते. मुले गमावलेल्या आईबापांनी एका बॅरिस्टरसाठी आपसात वर्गणी काढली होती.